इंजिनाचे तेल आणि वरची बाटली

ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि राज्यघटना यांची चर्चा होते, तेथे इंजिनात घालावयाच्या तेलाचा विषय घेऊन उभे राहणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या सभागृहाबाहेर ज्या शेकडो दुचाक्या आणि मोटारी उभ्या आहेत, त्यांतील बहुतेकांच्या पोटात हे तेल आहे. त्याचा खर्च आपणा सर्वांच्या खिशातून जातो. आमच्या ज्या बांधवांचे पोट गाडीच्या चाकावर चालते, त्यांच्या दृष्टीने तर इंजिन म्हणजे घरातले कर्ते माणूस होय. ते आजारी पडले की चूल थंडावते.

आम्ही कामगार संघटनेत हयात घालविली. शाळा लवकर सुटली, म्हणून जे काही शिकलो ते पुस्तकांतून आणि मिस्त्रींच्या तोंडून शिकलो. आमच्याकडे येणारे चालक पगारवाढीविषयी जितके विचारतात, तितकेच गाडीविषयीही विचारतात. काही दिवसांपूर्वी एक टेंपोचालक कार्यालयात आला. त्याने पिशवीतून एक चकचकीत बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “भाऊ, गॅरेजवाला म्हणतो, ऑईलमध्ये ही टाक, इंजिनाचं आयुष्य दुप्पट होईल. साडेपाचशे रुपये घेतले. टाकू का नको?” बाटलीवर इंजिनाचे सुंदर चित्र होते, आत काय आहे, हे मात्र कोठेही छापलेले नव्हते. त्याचा प्रश्न साधा होता, पण त्याला साधार उत्तर देण्यासाठी आम्हांला बरेच वाचावे लागले. त्या वाचनाचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम तेल काय करते ते पाहू. धातूवर धातू घासू नये म्हणून तेल, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण तेल हे कसे साधते, हे माणसाला कळून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. इंग्लंडमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बोशम टॉवर या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग सोपविले होते. त्यांचा पहिला अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले! त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला. बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब तेथे आढळला. अर्थ असा की, फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, त्या तेलाची एक पाचर तयार होते आणि ती पाचर सबंध भार उचलून धरते. आस धातूवर टेकलेलाच नसतो, तो तेलावर तरंगत असतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने या घटनेचे गणित मांडले, आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच गणितावर होते.

आपल्या मोटारीच्या क्रँकशाफ्टची बेअरिंगे अशीच तरंगतात. डोक्याच्या केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा तेथे असतो. हा पापुद्रा टिकून आहे तोवर धातूची झीज जवळजवळ होत नाही. मग झीज होते कोठे? जेथे पापुद्रा टिकत नाही तेथे. सकाळी गाडी सुरू करतानाचे पहिले काही क्षण, पिस्टन जेथे थांबून उलट फिरतो ते सिलिंडरच्या वरच्या टोकाचे स्थान, आणि कॅम व टॅपेट जेथे एकमेकांवर दाबून घासतात ती जागा. या ठिकाणी नुसते तेल पुरे पडत नाही. तेथे रसायनाची मदत लागते. ही मदत म्हणजेच तेलात मिसळावयाची पूरक द्रव्ये, बाजाराच्या भाषेत ‘ॲडिटिव्ह’.

येथेच आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येतो. ही पूरक द्रव्ये तेलाच्या डब्यात आधीच घातलेली असतात. आपण दुकानातून जे ऑईल आणतो ते निव्वळ तेल नसते. त्यात साधारणपणे तीन-चतुर्थांश ते नऊ-दशांश मूळ तेल आणि उरलेला भाग पूरक द्रव्यांचा असतो. ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. १९३० नंतरच्या दशकात नव्या डिझेल इंजिनांच्या पिस्टन-रिंगा काजळीने चिकटून बसू लागल्या, तेव्हा तेलात साफ करणारी द्रव्ये घालण्याचा प्रघात पडला. १९४० नंतरच्या दशकात जस्त, गंधक आणि फॉस्फरस यांचे एक संयुग तेलात आले. प्रथम ते बेअरिंगचा धातू गंजू नये आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून घातले जाई. पुढे असे दिसून आले की, कॅम व टॅपेटच्या घर्षणाच्या जागी ते धातूवर एक पातळ संरक्षक थर धरते. धातूऐवजी हा थर झिजतो, आणि पुन्हा धरला जातो. आज सुमारे ऐंशी वर्षांनंतरही हेच संयुग झीज थांबविण्याचे मुख्य साधन आहे.

याखेरीज आणखीही मंडळी त्या डब्यात नांदत असतात. काजळीचे कण सुटे ठेवून त्यांचा चिखल होऊ न देणारी द्रव्ये, तेल आंबू न देणारी द्रव्ये, फेस मोडणारी द्रव्ये, गंज रोखणारी द्रव्ये, आणि तेल थंडीत फार घट्ट व उष्णतेत फार पातळ होऊ नये म्हणून घातलेली लांब रेणूंची द्रव्ये. पुष्कळांस वाटते, ऑईल काळे पडले म्हणजे ते बिघडले. डिझेल गाडीत तर नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे होते. वस्तुतः तेल आपले काम करीत असल्याची ती खूण असते. इंजिनातली काजळी धातूवर बसण्याऐवजी तेलात तरंगत आहे, एवढाच तिचा अर्थ.

आता ही सर्व द्रव्ये एका घरात गुण्यागोविंदाने राहतात, असे समजू नये. साफ करणारे द्रव्य धातूच्या पृष्ठभागावर जागा मागते, झीज थांबविणारेही तीच जागा मागते, घर्षण कमी करणारेही तेथेच येऊ पाहते. एकाचे प्रमाण वाढले की दुसऱ्याला बाजूस सरावे लागते. म्हणून तेल बनविणारे रसायनतज्ज्ञ या सर्वांचे प्रमाण जमवितात, इंजिने ठराविक तास चालवून, मग ती उघडून, भागांची झीज मोजतात, आणि त्यानंतरच त्या मिश्रणाला मानकाची मोहोर मिळते. तेलाचा घट्टपणा दाखविणारे एसएई अंक १९११ सालापासून चालत आले आहेत. गुणवत्ता दाखविणारी अक्षरे एपीआय ही अमेरिकन संस्था देते. ही मोहोर डब्यातील संपूर्ण मिश्रणाला असते. त्यात वरून आणखी एक बाटली ओतली की, जे मिश्रण तयार होते त्याची परीक्षा कोणीच केलेली नसते. वरून ओतावयाच्या या बाटल्यांना एपीआय मोहोर देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या घरातल्या मंडळींना आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा एका वाक्यात निकाल मिळाला: “म्हणजे आमटीत मीठ आधीच घातलंय, आणि पाहुणा चव न घेताच वरून मूठभर टाकतोय!” याहून नेमके आम्हांलाही सांगता येणार नाही.

बरे, या बाटल्यांत असते तरी काय? मुख्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार न चिकटणाऱ्या तव्यावर जो पांढरा पदार्थ असतो त्याचा. त्याचे बारीक कण तेलात घालून ‘इंजिनाला आतून कवच चढते’ असा प्रचार केला जातो. पण तव्यावर हे कवच बसविताना धातू आधी स्वच्छ व खरबरीत करावा लागतो आणि मग भट्टीत तापवावा लागतो. हा पदार्थ वितळतोच मुळी ३२७ अंश सेल्सियसला. तेलाने माखलेल्या आणि त्याहून पुष्कळ थंड अशा इंजिनात त्याचे कवच कसे बसावे? कण तेलाबरोबर फिरत राहतात, आणि त्यांतले काही फिल्टरमध्ये जाऊन अडकतात.

दुसरा प्रकार तेल घट्ट करणाऱ्या चिकट द्रव्याचा. जुने, झिजलेले इंजिन यामुळे काही काळ शांत वाटते, धूरही थोडा कमी होतो. पण झिजलेला भाग भरून येत नाही. दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

तिसरा प्रकार क्लोरीनयुक्त पॅराफिनाचा. बाजारात किंवा प्रदर्शनात एक छोटे यंत्र मांडून विक्रेता जो खेळ दाखवितो, तो बहुधा याच जातीच्या द्रव्यावर चालतो. फिरत्या कड्यावर पोलादाचा तुकडा दाबला जातो. साध्या तेलात यंत्र कचकन थांबते, आणि बाटलीतले चार थेंब टाकताच कितीही वजन टांगले तरी फिरत राहते. लोक टाळ्या वाजवितात. यात हातचलाखी नसते, पण फसगत मात्र असते. क्लोरीन अतिदाबाखाली धातूशी संयोग पावून निसरडा थर करते, हे खरे आहे. म्हणूनच कारखान्यांत धातू कापताना, ठोकताना अशी द्रव्ये वापरली जात. पण इंजिनातील बेअरिंगवर अशा तऱ्हेने सुक्या धातूवर धातू दाबला जातच नाही. तेथे टॉवरची पाचर काम करीत असते. उलट इंजिनात उष्णता असते आणि इंधन जळून झालेले पाणीही असते. त्यांच्या संगतीने क्लोरीनापासून आम्ल तयार होऊ शकते आणि ते बेअरिंगचा मऊ धातू खाऊ लागते. शिवाय यांतील आखूड साखळीची क्लोरीनयुक्त पॅराफिने निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणारे विष ठरल्यामुळे २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत घालण्यात आली. ज्या मिस्त्रीचे हात दिवसभर तेलात असतात, त्याच्या दृष्टीने हा मुद्दा लहान नाही.

चौथा प्रकार जस्त-फॉस्फरसाचे संयुग किंवा मॉलिब्डेनम यांचा. हे पदार्थ खरोखरच गुणकारी आहेत. परंतु ते ज्याच्या त्याच्या प्रमाणात डब्यात आधीच असतात. अधिक घातल्याने अधिक गुण येतो, असे नाही. औषधाचा एक चमचा ताप उतरवितो, म्हणून सबंध बाटली पिऊन कोणी पहिलवान होत नाही.

येथवर कोणी म्हणेल, “फायदा नसेल तर नसो, पण तोटा तरी कोठे आहे?” जुन्या काळच्या दणकट इंजिनाविषयी हे काही अंशी खरे होते. आजच्या गाड्यांविषयी ते खरे नाही, आणि त्याची कारणे नीट पाहण्यासारखी आहेत.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात विषारी वायू शुद्ध करणारे एक पात्र असते. त्यातील मौल्यवान धातूंच्या थरावर तेलातला फॉस्फरस बसला की ते पात्र हळूहळू निकामी होते. म्हणून २००४ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात पातळ दर्जाच्या तेलांतील फॉस्फरस ०.०८ टक्क्यांहून अधिक नसावा आणि झीज थांबविण्यासाठी ०.०६ टक्क्यांहून कमीही नसावा, असे ठरले. किती अरुंद वाट आहे पाहा! बाटलीभर फॉस्फरस ओतणारा माणूस ही वाट एका झटक्यात ओलांडतो.

डिझेल गाडीची गोष्ट याहून नाजूक. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि नव्या डिझेल मोटारींत काजळी पकडणारी जाळी आली. जाळीत साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकता येते. पण तेलातल्या कॅल्शियम, जस्त इत्यादी धातूंची राख जळत नाही. ती जाळीत कायमची साठते. म्हणून अशा गाड्यांस कमी राखेचे खास तेल लागते. त्यात धातूयुक्त बाटली ओतणे म्हणजे चाळणीची भोके आपल्याच हाताने बुजविणे होय. ही जाळी बदलण्याचा खर्च ऐकून भल्याभल्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

टर्बो बसविलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत आणखी एक प्रकार आढळला. कमी वेगात जोर लावला असता ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटते आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. तेलातील साफ करणाऱ्या कॅल्शियम-द्रव्याचा यात हात असल्याचे दिसून आले. म्हणून तेलाचे घटक पुन्हा बदलण्यात आले, आणि २०२० साली आलेल्या एपीआय एसपी या मानकात या दोषाची स्वतंत्र परीक्षा घातली गेली. अशा तेलात कॅल्शियमची बाटली ओतली तर त्या सर्व परिश्रमांवर पाणी पडेल. तसेच आजच्या इंजिनांत झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर, अगदी बारीक वाटांतून चालते. तिच्यासाठी पातळ तेल ठरवून दिलेले असते. ते घट्ट करून ठेवले तर यंत्रणेने वेळेवर हलावे कसे?

आता दुचाकीची गोष्ट, कारण आपल्या गावांचा संसार दुचाकीवर चालतो. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते. क्लचच्या थाळ्या त्याच तेलात बुडून काम करतात. क्लचला हवे असते घर्षण, आणि मॉलिब्डेनमची बाटली येते घर्षण मोडावयाला. म्हणून जपानी मानकसंस्थेने अशा दुचाक्यांच्या तेलासाठी ‘जासो एमए’ हा वेगळा वर्ग ठेवला आहे. घरोघर माल पोहोचविणारा आमच्या ओळखीचा एक मुलगा मोटारच्या दुकानातून ‘घर्षण शून्य’ करणारी बाटली घेऊन आला. चार-सहा दिवसांत गाडीचा आवाज चढे, पण गाडी पुढे सरकेना. क्लच सटकू लागला होता. ऑईल बदलले, थाळ्या बदलल्या, तीन दिवस काम बुडाले. ज्याची मजुरी रोजच्या फेऱ्यांवर ठरते, त्याला तीन दिवस म्हणजे काय, हे पगारदार माणसाला सांगून कळावयाचे नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा.

एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्हांला मान्य आहे. म्हणून एका मोठ्या परीक्षेची हकीकत सांगतो. अमेरिकेतील ग्राहकांच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींत नव्याने बांधलेली इंजिने बसविली, प्रत्येक टॅक्सी ६० हजार मैल, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटर पळविली, आणि मग इंजिने उघडून कॅमशाफ्ट, बेअरिंगे यांची झीज मोजली, साठलेला चिखल पाहिला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानकाच्या कसोटीला उतरलेल्या निरनिराळ्या तेलांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. काही टॅक्सींत नामांकित ‘इंजिन ट्रीटमेंट’च्या बाटल्या घातल्या होत्या, त्यांतही काही लाभ दिसून आला नाही. टॅक्सी दिवसभर गरम राहते, कडाक्याच्या थंडीत वारंवार सुरू होणाऱ्या गाडीची कसोटी यात लागत नाही, ही या परीक्षेची मर्यादा होय. पण चालकाच्या रोजच्या राबत्या गाडीशी इतकी जवळीक असलेली दुसरी परीक्षा आमच्या वाचनात नाही.

त्याच देशात सरकारी व्यापार आयोगानेही हे प्रकरण हाती घेतले. ‘एसटीपी’ या प्रसिद्ध तेलपूरकाच्या जाहिरातींवर १९७६ साली आदेश निघाला, आणि त्याचा भंग झाल्याच्या आरोपावरून १९९५ साली ८ लाख ८८ हजार डॉलर भरावे लागले. ‘स्लिक ५०’च्या विक्रेत्यांवर १९९६ साली तक्रार झाली. गाडी सुरू होताना साध्या तेलात इंजिनाला संरक्षणच नसते, असा धाक त्यांनी जाहिरातीत घातला होता. आयोगाचे म्हणणे असे की, पुस्तिकेत सांगितलेले तेल वापरले तर बहुतेक इंजिनांस पुरेसे संरक्षण मिळते. १९९७ साली तडजोड होऊन असे दावे थांबले. ‘झेडमॅक्स’ या द्रव्यावर २००१ साली तक्रार झाली. विक्रेत्यांच्याच परीक्षेत ते घातलेल्या तेलाने बेअरिंग दुपटीहून अधिक गंजले होते, आणि हा भाग जाहिरातीत गाळण्यात आला होता, असे आयोगाने तक्रारीत म्हटले. २००३ साली दहा लाख डॉलर परताव्याची तडजोड झाली. तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण ज्याच्याजवळ भक्कम पुरावा असतो तो तो लपवीत नाही, हेही तितकेच खरे.

“मग आमच्या गाडीला फरक पडला तो कसा?” असे विचारणारे प्रामाणिक लोक पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. बाटली बहुधा ऑईल बदलतानाच घातली जाते; गाडी मऊ चालते ती ताज्या तेलामुळे, आणि श्रेय जाते बाटलीला. घट्ट द्रव्याने टॅपेटचा आवाज दबतो, आणि आवाज गेला म्हणजे दुखणे गेले असे वाटते. शिवाय पाचशे रुपये मोजल्यावर कान आपोआपच चांगले ऐकू लागतात. हा मनुष्यस्वभाव आहे.

दुसरी बाजूही सांगावयास हवी. कोणतेच पूरक द्रव्य केव्हाही उपयोगी नाही, असे आमचे म्हणणे नाही. कॅमवर सपाट टॅपेट घासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गाड्या ज्यांनी हौसेने जपल्या आहेत, त्यांना आजच्या तेलातील फॉस्फरस कमी पडू शकतो. त्यांनी त्या इंजिनासाठी बनविलेले तेल वापरणे उत्तम. ऑईल सील कडक होऊन थेंब गळत असतील, तर सील फुगविणारे द्रव्य काही दिवस वेळ मारून नेते. इंजिन खोलावयाचे पैसे जमेपर्यंत गरिबाला तेवढा आधार होतो. गाडी बनविणाऱ्या कंपनीनेच एखादे द्रव्य सांगितले असेल तर ते अवश्य घालावे. मात्र अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत तेलात काहीही वरून घालू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. बाटली घालून बिघाड झाला, तर हमीच्या मुदतीतही वाद आपल्याच गळ्यात पडतो.

आता शेवटचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही बाटली खपते कशी? ज्याला इंजिन बंद पडण्याचे भय सर्वांत अधिक, त्याच्या भयावर ती खपते. श्रीमंताची गाडी बंद पडली तर तो दुसरी काढतो. हप्त्यावर टेंपो घेतलेल्या चालकाची गाडी बंद पडली तर हप्ता चुकतो. म्हणून ‘इंजिनाचे आयुष्य दुप्पट’ हे शब्द त्याच्याच काळजाला भिडतात. आणि बाटली पुढे करणारा मेकॅनिक हाही आपलाच भाऊ आहे, हे विसरू नये. पुष्कळ ठिकाणी त्याचा पगार तुटपुंजा असतो आणि बाटलीमागे मिळणारे कमिशन हीच त्याची वरकमाई असते. त्याच्यावर डोळे वटारून उपयोग नाही. त्याला कसबाचा योग्य मोबदला मिळाला, तर तो बाटली विकण्याऐवजी कान लावून इंजिन तपासील. त्याच्या पगाराचा प्रश्न आणि आपल्या इंजिनाचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

ग्राहकानेही हात जोडून बसण्याचे कारण नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हापासून ‘विचारणारा ग्राहक’ ही कल्पना महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच अपराध झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला मिळाला. तेव्हा विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. बाटलीत काय आहे? माझ्या गाडीच्या कंपनीने हे घालावयास सांगितले आहे काय? परीक्षा कोणी केली, आणि तिचा कागद कोठे आहे? या तिन्हींचे उत्तर “सगळे घालतात” एवढेच आले, तर बाटली तेथेच ठेवून यावे.

आणि तेच पैसे कोठे खर्चावेत? पुस्तिकेत सांगितलेल्या अंकाचे आणि मानकाचे ऑईल, सील शाबूत असलेल्या डब्यातून, पावती घेऊन आणावे. कारण बनावट तेलाचा धोका या बाटल्यांहून मोठा आहे. ऑईलबरोबर फिल्टर बदलावा. सांगितलेले अंतर किंवा मुदत, जे आधी येईल ते पाळावे. गाडी सपाट जागी उभी करून, तेल चेंबरमध्ये उतरू देऊन, दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी. तेल कमी पडून मेलेली इंजिने मिस्त्रींनी आम्हांला पुष्कळ दाखविली, बाटली न घातल्यामुळे मेलेले एकही दाखविले नाही. सुरू करताच गाडीला ओरबाडू नये, पहिले दोन-चार किलोमीटर सावकाश न्यावी. यात चमत्कार काही नाही, म्हणूनच याची जाहिरात होत नाही.

त्या टेंपोचालकाला आम्ही एवढेच सांगितले, “अरे बाबा, हे सगळं तुझ्या ऑईलमध्ये आधीच आहे. बाटली परत कर, आणि त्या पैशात फिल्टर घे.” बाटली परत घेताना दुकानदाराने कुरकुर केली, पण सील फोडलेले नव्हते आणि पावती हाती होती, म्हणून पैसे मिळाले. दुसऱ्या दिवशी तो फिल्टर बदलून आला आणि जाता जाता म्हणाला, “भाऊ, हे बाकीच्यांनाही सांगा की.” म्हणून आज येथे सांगितले.